वारलीचे त्रिकोण आणि पारध्यांचा फासा

मराठी शाळेत आदिवासींची ओळख बहुतेक वेळा भिंतीवरच होते. गेरूचा पट्टा, त्यावर पांढऱ्या रंगात दोन त्रिकोण जोडून केलेली माणसं आणि मधोमध तारपा वाजवणारा. हे चित्र मूळचं लग्नघरातलं. सवासिनी तांदळाच्या पिठाने चौक काढतात आणि त्या चौकात पालघट देवी बसते. चित्र काढणाऱ्या पोरांना हे क्वचितच कुणी सांगतं, त्यामुळे वारली म्हणजे सोपी नक्षी एवढंच त्यांच्या डोक्यात राहतं. शिवाय वारली पाडे आहेत पालघर-डहाणूकडे. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या आसपासच्या शाळांत वारल्यांचं मूल सापडायचं नाही. पारध्यांचं, बंजाऱ्यांचं, वडाराचं, कैकाड्याचं मात्र सापडेल.

सरकारी याद्यांमुळे इथे घोळ होतो. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात. राजपारधी, बंजारा, वडार, कैकाडी, रामोशी यांची गणना राज्याच्या यादीतल्या १४ विमुक्त जातींत होते. हाच बंजारा तेलंगणात गेला की अनुसूचित जमातीत आणि कर्नाटकात गेला की अनुसूचित जातीत जातो. तिसरी-चौथीच्या मुलांना या याद्यांचं काही देणंघेणं नाही. त्यांना कळते ती वस्तू आणि कळतं ते काम, म्हणून धड्याची सुरुवात तिथून झालेली बरी.

पारध्याचा फासा घ्या. घोड्याच्या शेपटीचे केस वळून त्याचे सरकते फास करायचे, ते बारीक काड्यांना बांधायचे आणि तित्तराच्या वाटेवर ओळीने रोवायचे. पाखराचा पाय किंवा मान आत गेली की फास आवळतो. पण आधी पाखराची वाट ओळखावी लागते, त्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल यावी लागते आणि वाऱ्याचा अंदाज लागतो. काही पारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ जात. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात पक्ष्यांवर जेवढं असतं, त्याहून जास्त माहिती या धंद्यात होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. पाखरं वाचायलाच हवी होती, पण शिकारीवर जगणाऱ्यांच्या पोटाची सोय कुणी लावली नाही. हे दोन्ही एकाच तासात सांगता येतं आणि नऊ वर्षांच्या मुलाला ते पेलतं.

बंजाऱ्यांचा धडा ओझ्याच्या हिशोबातून गणितात बसेल. रेल्वे येण्यापूर्वी मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून तांडे मुलूखभर फिरत. लष्करांना रसद पुरवणारेही तेच. पुढे रेल्वे आणि मिठावरचे सरकारी निर्बंध आले आणि लदेणीचा धंदा बसला. तांड्यावरच्या मुलाची घरची बोली गोरमाटी. आई म्हणजे याडी, भाकर म्हणजे बाटी. अशा शब्दांचा तक्ता बाराखडीशेजारी लावायला खर्च येत नाही, आणि ज्याची ती बोली आहे तो पहिल्यांदाच वर्गाला काही शिकवतो.

अवघड भाग पुढे आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता, १९११ च्या कायद्यानंतर तो इतरत्रही लावता येऊ लागला. अमुक जमातीत जन्मला म्हणजे संशयित, असा त्याचा अर्थ. नावं पोलिसांकडे नोंदवायची, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना काढायचा. सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत होती. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होतं, पण शेजारच्या मुलखातला शिक्का इथेही चिकटला. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ साली काढला. देशभरातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, आणि म्हणून ती तारीख विमुक्त दिन म्हणून पाळली जाते.

हजेरी हा शब्द मुलांच्या रोजच्या ओळखीचा आहे. गुन्हा न करता मोठ्या माणसांना ती पोलिसांसमोर का द्यावी लागे, एवढा एकच प्रश्न फळ्यावर पुरतो. चौथीतल्या शिवचरित्रात बहिर्जी नाईक भेटतात. परंपरेने ते रामोशी समाजातले मानले जातात. ज्या समाजातला माणूस स्वराज्याचा हेरप्रमुख, त्याच समाजावर पुढे पाळत बसली, ही गोष्ट मुलं विसरत नाहीत. पथ्य एकच. वर्गातल्या पारध्याच्या मुलाला उभं करून ‘तुमच्यात काय करतात रे?’ असं विचारायचं नाही. विचारायचंच असेल तर त्याच्या आज्याला किंवा आजीला मानाने शाळेत बोलवावं, आणि त्यांना वाटेल तेवढंच त्यांनी बोलावं.

आदिवासींची ओळख वर्गात करून देण्याचा अनुभव ऑस्ट्रेलियात आधीच घेऊन झाला आहे. तिथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात आदिवासींचा इतिहास आणि संस्कृती पहिल्या इयत्तांपासून सगळ्या विषयांत गुंफलेली आहे. ठिपक्यांची चित्रं रंगवून घेतली की धडा संपला, या पद्धतीवर तिथे भरपूर टीका झाली. शाळा ज्या जमातीच्या जमिनीवर उभी आहे तिच्यापासून सुरुवात करा आणि तिच्या जाणत्यांना विचारा, असं आता शिक्षकांना सांगितलं जातं. आईबापांपासून तोडून नेलेल्या आदिवासी मुलांबद्दल १३ फेब्रुवारी २००८ रोजी तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. तेही मुलांपुढे येतं.

केज तालुक्यात पारध्यांचा हा विषय जुना झालेला नाही. मे २०२० मध्ये मांगवडगावला जमिनीच्या वादातून एका पारधी कुटुंबातल्या तिघांची हत्या झाली. चौथीच्या वर्गात ती घटना काढायचं कारण नाही, पण शिकवणाऱ्याला ती माहीत असावी.

राहिला वेळापत्रकाचा प्रश्न. बीडच्या शाळांत तो सगळ्यात मोठा. बिरसा मुंडांची जयंती १५ नोव्हेंबरला, जनजातीय गौरव दिवस म्हणून २०२१ पासून साजरी होते. तोवर ऊसतोडीची टोळी गाडी भरून निघालेली असते आणि तांड्यावरची बरीच मुलं एक तर आईबापांबरोबर कारखान्याच्या फडावर असतात, नाही तर हंगामी वसतिगृहात. ज्यांची गोष्ट सांगायची तेच बाकावर नसतात. ९ ऑगस्टचा आदिवासी दिन आणि ३१ ऑगस्टचा विमुक्त दिन मात्र पट भरलेला असताना येतात. फासा, लदेणी आणि हजेरी हे तिन्ही तास या दोन तारखांच्या मधल्या तीन आठवड्यांत बसतात.