घामाशी झुंजणारे पोलाद

छोट्या रिव्हॉल्व्हरचा पृष्ठभाग गोळीबारापेक्षा घामाने आणि घर्षणाने अधिक खराब होतो, ही गोष्ट त्यावरील संरक्षक लेपांचा विचार करताना प्रथम ध्यानात घ्यावी लागते. अमेरिकेत कोल्ट कंपनीने 1927 मध्ये ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ आणि स्मिथ अँड वेसनने 1950 मध्ये ‘चीफ्स स्पेशल’ बाजारात आणले, तेव्हापासून जेमतेम दोन इंची नळीची ही शस्त्रे साध्या वेशातील पोलिसांच्या कमरेला किंवा कोटाच्या खिशात दिवसभर राहू लागली. त्यांतून गोळी क्वचितच सुटे, पण घामातील मीठ, कापडाची घासण आणि चामडी होल्स्टरमध्ये मुरलेला ओलावा यांच्याशी त्यांचा संबंध रोजचा होता.

त्या काळी रूढ असलेले ब्लूइंग हा खरे तर वरून दिलेला लेप नव्हेच. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षार यांच्या सुमारे 140 अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रावणात पोलाद बुडवले, की त्याच्या पृष्ठभागाचेच मॅग्नेटाइट या काळ्या लोह-ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. हा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉन जाडीचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि सच्छिद्र असतो. गंज रोखण्याचे बरेचसे काम त्यात मुरलेले तेल करते, त्यामुळे तेल पुसले गेले की घामातील क्लोराइड पोलादापर्यंत सहज पोहोचते. नळीचे तोंड आणि सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या खान्याच्या, कडा सर्वांत आधी पांढुरक्या पडतात, कारण होल्स्टरमध्ये घालता-काढताना घासण तेथेच बसते.

निकेलचा मुलामा ब्लूइंगहून कठीण आणि दिसायला देखणा असला, तरी त्याचा दोष अधिक कपटी आहे. छपराच्या पत्र्यावरील जस्त ओरखडा पडल्यावरही स्वतः झिजून आतल्या लोखंडाला वाचवते. निकेलच्या बाबतीत नेमके उलटे घडते, कारण ते विद्युत-रासायनिक दृष्ट्या लोखंडापेक्षा कमी क्रियाशील असल्याने एखाद्या सूक्ष्म छिद्रातून ओलावा आत शिरला की गंजण्याचा सारा भार उघड्या पोलादावरच पडतो आणि मुलाम्याखाली पसरलेला गंज पोपडा उडेपर्यंत दिसत नाही.

1965 मध्ये स्मिथ अँड वेसनने ‘मॉडेल 60’ हे स्टेनलेस स्टीलचे रिव्हॉल्व्हर आणले आणि लेप टिकवण्याच्या प्रश्नाला बगलच मिळाली. किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलेल्या या पोलादावर क्रोमियम ऑक्साइडचे काही नॅनोमीटर जाडीचे पटल आपोआप तयार होते आणि ओरखडा पडल्यास हवेतील ऑक्सिजनमुळे पुन्हा भरून येते. अंगालगत बाळगण्याच्या शस्त्रासाठी याहून मोलाची सुधारणा दाखवणे अवघड आहे. अर्थात घाम साचून राहिला, तर क्लोराइड हे पटलही भेदते आणि बारीक खड्डे पडतात. स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारे, ही समजूत चुकीची आहे.

हलक्या वजनासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर ॲनोडायझिंग करतात. त्यातून मिळणारा ऑक्साइडचा थर फार कठीण असतो, परंतु खालचा धातू मऊ असल्याने ठोसर बसताच तो तडकतो आणि पोलादी स्क्रू जेथे उघड्या ॲल्युमिनियमला भिडतो, तेथे घामाच्या उपस्थितीत ॲल्युमिनियम खाल्ले जाते. अलीकडे पोलादी भागांसाठी नायट्रोजन आणि कार्बन पृष्ठभागात मुरवण्याची प्रक्रिया वापरली जाते. तिने बनलेला थर धातूशी एकजीव असल्याने रंगासारखा सोलून निघत नाही.

जाहिरातींत मिरवली जाणारी मिठाच्या फवाऱ्याची चाचणी, ज्यात 35 अंश सेल्सिअसला पाच टक्के मिठाचे पाणी नमुन्यावर सतत फवारले जाते, केवळ गंजरोधकता मोजते. त्या पेटीत नमुना घासला जात नाही, त्यामुळे तिच्या तासांवरून होल्स्टरमधील आयुष्य ठरवणे योग्य नाही. शिवाय सर्वाधिक दुर्लक्षित गंज डोळ्यांआड, मुठीच्या लाकडी किंवा रबरी पट्ट्यांखाली वाढतो. तेथे झिरपलेला घाम बाहेरून कितीही पुसले तरी निघत नाही, म्हणून शस्त्र रिकामे करून त्या पट्ट्या अधूनमधून उतरवणे आणि आतील धातू कोरडा करून त्यावर तेलाचा पातळ हात फिरवणे आवश्यक ठरते.