टाका घट्ट म्हणजे पक्का? माझ्या अक्कलदाढेने शिकवलेलं गणित

माझी खालची अक्कलदाढ आडवी होती. त्यामुळे हिरडी कापून, थोडं हाड कोरून ती काढावी लागली आणि वर तीन टाके पडले. चौथ्या दिवशी सकाळी चूळ भरताना काळ्या दोऱ्याचा तुकडा बेसिनमध्ये पडला. पाचावर धारण बसली! लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "बाकीचे दोन जागेवर आहेत ना? रक्त नाही ना येत? मग राहू द्या."

मी विचारलं, अजून घट्ट का नाही बांधला? ते हसले. "घट्ट बांधला असता तर तिन्ही निघाले असते."

हे काही पटेना. मग जरा खोलात गेलो.

जुना उशीचा अभ्रा शिवून पाहिलाय कधी? दोरा तुटत नाही, शिवणीशेजारचं कापड फाटतं. हिरडीचंही तेच. टाका आवळला की दोऱ्याखालच्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, तिथली हिरडी पांढरी पडते आणि मरायला लागते. वर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, म्हणजे टाका आपोआप आणखी आवळला जातो. मग दोरा चीजमधून तार जावी तसा हिरडीतून निघून येतो. म्हणून कडा नुसत्या एकमेकींना टेकतील इतकाच ताण द्यायचा. कडा ओढून आणाव्या लागत असतील, तर आधी आतून हिरडी मोकळी करून घ्यायची. दोऱ्याने ओढाओढी करायची नाही.

टाका कडेपासून किती लांब घ्यायचा, हेही महत्त्वाचं. साधारण २-३ मिलिमीटर. त्याहून जवळ घेतला की कड फाटते. सुईसुद्धा यासाठी खास असते. वाकड्या सुईची धार आतल्या बाजूला असेल तर ती जखमेच्या दिशेने चीर पाडते, दोरा पुढे तीच चीर वाढवतो. म्हणून तोंडात बहुतेकदा धार बाहेरच्या बाजूला असलेली 'रिव्हर्स कटिंग' सुई वापरतात.

आता माझा एक टाका जाऊनही काम कसं भागलं? कारण ते सुटे टाके होते, प्रत्येकाची गाठ वेगळी. सलग टाक्यात ताण छान वाटला जातो आणि वेळही वाचतो, पण दोरा एका जागी तुटला की सगळी ओळ सैल पडते. तांदळाच्या पोत्याची शिवण एकदा सुटली की काय होतं ते आठवा (अगदी तसंच नाही, पण जवळपास). जिथे गाल-जीभ सतत ओढतात तिथे 'मॅट्रेस' टाका घालतात. त्यात दोरा कडेपासून लांबून फिरतो, त्यामुळे ताण मोठ्या भागावर पसरतो.

दोऱ्याचा सगळ्यात कच्चा भाग म्हणजे गाठ. एक फेरा एका दिशेने, पुढचा उलट दिशेने, तरच ती बसते. दोन्ही एकाच दिशेने टाकले की गाठ सरकते. रेशमी दोऱ्याची गाठ चांगली धरते आणि टोकं जिभेला टोचत नाहीत, पण विणलेला असल्याने तो लाळ आणि जंतू शोषून आत नेतो. नायलॉन एकेरी धाग्याचा, त्यामुळे स्वच्छ राहतो. पण तो ताठ आणि निसरडा, म्हणून फेरे जास्त लागतात. विरघळणाऱ्या दोऱ्यात काढायची कटकट नाही. मात्र तोंडातल्या ओलाव्यात त्याची ताकद लवकर उतरते.

आणि हो, माझ्या टाक्याचं नेमकं काय झालं? बेसिनमधल्या तुकड्याला गाठच नव्हती, म्हणजे बहुधा ती सुटली होती. तिसऱ्या दिवशी जिभेने त्या टोकाशी चाळा करत बसलो होतो, हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. सातव्या दिवशी त्यांनी उरलेले दोन काढले, तेव्हा हिरडी मिटलेली होती.