माहिती बरोबर, पण वाचणाऱ्याचे काय?

आजाराविषयीचा मजकूर भरवशाचा आहे का, हे तपासायची साधने आहेत. ऑक्सफर्डमध्ये १९९०च्या दशकात तयार झालेली ‘डिसर्न’ ही १६ प्रश्नांची कसोटी उपचारांविषयीच्या मजकुराचा दर्जा पाहते. तो वाचून माणसाचे काय झाले, हे ती सांगत नाही. तीच अचूक माहिती एकाला धीर देते, दुसऱ्याची झोप उडवते.

हा परिणाम मोजण्यासाठी ऑक्सफर्डच्याच संशोधकांनी पुढे ‘ई-हेल्थ इम्पॅक्ट’ प्रश्नावली बांधली. तिची ३७ विधाने रुग्ण आणि त्यांची शुश्रूषा करणारे आप्त यांच्या मुलाखतींतून आली. पहिली ११ इंटरनेटवरील आरोग्यविषयक माहितीकडे माणूस एकूण कसा पाहतो हे टिपतात. उरलेली २६ एखादे संकेतस्थळ वाचल्यानंतरची. आपल्यासारखे आणखी कोणी आहे असे वाटले का? मजकूर समजला, पटला का? स्वतःची काळजी घेण्याची उमेद आली का? उत्तरांवरून ० ते १०० गुण मिळतात.

मात्र भोंदू उपचाराचे पानही भरपूर उमेद देऊ शकते. म्हणून हे गुण मजकुराच्या खरेपणाशी ताडूनच वाचावे लागतात.

मराठीत हे मोजमाप अधिकच गरजेचे आहे. कर्करोगाच्या तपासणीत ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे रोग सापडला. त्याचे ‘सकारात्मक’ हे भाषांतर कोशाप्रमाणे बरोबरच. पण आईच्या उशाशी बसून फोनवर ते वाचणारी मुलगी सुटकेचा निःश्वास टाकेल. तिला काय समजले, हे तिलाच विचारावे लागते.