आधी खात्री, मग डिलीट

वार्षिक दिन, क्रीडास्पर्धा, आंतर-हाउस वादविवाद, पासिंग आउट परेड अशा प्रत्येक कार्यक्रमाचे आता चित्रीकरण होते. फिल्म तयार होते, सभागृहात दाखवली जाते आणि टाळ्याही मिळतात. इकडे संगणकाची डिस्क मात्र भरत जाते. मग ऐन पुढच्या कार्यक्रमाच्या तोंडावर 'जागा शिल्लक नाही' अशी सूचना येते आणि घाईत हाती लागेल ते पुसले जाते. फिल्म पुन्हा जोडता येते. बारावीच्या तुकडीची शेवटची परेड पुन्हा होत नाही. म्हणून जागा रिकामी करण्याची रीत प्रत्येकाने शिकून घ्यावी.

आधी हिशेब पाहू. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रीकरण केले, तर सेकंदाला १२.५ मेगाबाइट, मिनिटाला ७५० मेगाबाइट आणि तासाला ४५ गिगाबाइट जागा लागते. तीन कॅमेऱ्यांनी दोन तास चित्रीकरण केले की २७० गिगाबाइट संपले!

आता 'प्रोजेक्ट' म्हणजे काय ते समजून घेऊ. अनेकांना वाटते की प्रोजेक्ट काढला की जागा मोकळी होईल. तसे होत नाही. प्रोजेक्ट ही केवळ सूचनांची वही असते: कोणता तुकडा कुठे कापला, कुठे संगीत जोडले, कोणता रंग दिला. मूळ चित्रफिती वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. त्याशिवाय संपादन सुरळीत चालावे म्हणून सॉफ्टवेअर स्वतःच तात्पुरत्या फाइली तयार करते. त्यांना 'कॅश' म्हणतात. म्हणजे वस्तू दोन प्रकारच्या आहेत: यंत्र पुन्हा बनवू शकते ती आणि कोणीच पुन्हा बनवू शकत नाही ती. पुसण्याचा क्रम यावरूनच ठरतो.

अनेक जण वापरतात त्या दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरचे उदाहरण घेऊ.

१. प्रोजेक्ट उघडा आणि 'प्लेबॅक' मेनूमधून रेंडर कॅश काढून टाका. पुष्कळदा एवढ्यानेच बरीच जागा मिळते आणि नुकसान काहीच होत नाही. गरज पडली तर कॅश पुन्हा तयार होतो. हे काम प्रोजेक्ट असतानाच करावे. प्रोजेक्ट आधी काढला, तर त्याचा कॅश 'कॅशक्लिप' फोल्डरमध्ये तसाच पडून राहू शकतो, आणि तो कोणाचा हे नावावरून ओळखता येत नाही.

२. तयार फिल्म उत्तम दर्जात एक्स्पोर्ट करा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत आवाजासह पाहा.

३. प्रोजेक्ट मॅनेजरमधून 'एक्स्पोर्ट प्रोजेक्ट आर्काइव्ह' निवडा आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर जतन करा. यात सूचना आणि चित्रफिती दोन्ही एकत्र जातात. नुसते 'एक्स्पोर्ट प्रोजेक्ट' केले, तर फक्त सूचनांची वही जाते, चित्रफिती नाहीत. शीर्षकांसाठी वापरलेले देवनागरी फॉन्ट मात्र वेगळे जपून ठेवावे लागतात.

४. ते आर्काइव्ह दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. रायफल साफ करायला घेण्यापूर्वी ती रिकामी आहे ना, हे आपण डोळ्यांनी तपासतो. कोणाच्या सांगण्यावर विसंबत नाही. इथेही नियम तोच. कॉपी झाली म्हणजे ती उघडते, असे गृहीत धरू नका.

५. आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या खोलीत ठेवा. पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीचा असेल, तर त्यावर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही, हे लक्षात असू द्या.

६. एवढे झाल्यावरच प्रोजेक्ट आणि मूळ चित्रफिती काढा. पण काढण्यापूर्वी त्याच चित्रफिती दुसऱ्या एखाद्या प्रोजेक्टमध्ये वापरल्या आहेत का, ते पाहा. शाळेचे बोधचिन्ह, शाळागीत, जुनी दृश्ये अशा गोष्टी अनेक फिल्ममध्ये येतात. त्या कायम वेगळ्या फोल्डरमध्ये असाव्यात.

विंडोजमध्ये फाइल रिसायकल बिनमध्ये गेली, तरी बिन रिकामे करेपर्यंत जागा सुटत नाही. ही उशिराची सोय वरदानच समजा: दोन-तीन दिवस थांबा, मग बिन रिकामे करा. शिफ्ट दाबून डिलीट केले, तर ही सोय मिळत नाही. त्यातही एसएसडी असेल, तर पुसलेले परत मिळण्याची आशा फारच थोडी.

शेवटचे, पण महत्त्वाचे. दरवर्षी बारावीचे कॅडेट शाळा सोडतात आणि संगणक नव्या हातांत जातो. स्टोअरचा चार्ज देताना आपण वस्तूंची यादी देतो, तशीच इथेही एक साधी वही ठेवा: कार्यक्रमाचे नाव, तारीख, आर्काइव्ह कोणत्या डिस्कवर आहे, ते कोणी तपासले आणि मूळ फाइली कधी काढल्या. वीस वर्षांनी कोणी माजी कॅडेट आपल्या परेडचे चित्रण मागायला आला, तर त्या दिवशीच्या मुलांना ते या वहीच्या आधारे शोधून देता आले पाहिजे.