सोलापूरला परिषद ठेवताय? आधी पंचांग उघडा

अधिवेशन किंवा राज्यस्तरीय चर्चासत्र सोलापूरला ठरलं की बाहेरगावचे प्रतिनिधी एका बाबतीत निर्धास्त असतात. हे काही महाबळेश्वर नाही, इथे पर्यटक येतात कुठे? खोली कधीही मिळेल, असं ते धरून चालतात. आयोजकही तसंच धरून चालतात, आणि तिथेच घोळ सुरू होतो.

सोलापूरला पर्यटक थोडे येत असतील, पण भाविकांचा ओघ वर्षभर असतो. अक्कलकोट इथून सुमारे ४० किलोमीटरवर, तुळजापूर ४५ किलोमीटरवर, पंढरपूर पाऊणशेच्या आसपास, आणि सीमा ओलांडली की कर्नाटकात गाणगापूर. तुळजापूरला अजून रेल्वे पोहोचलेली नाही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव मार्गाचं काम सुरू आहे. त्यामुळे देवीला रेल्वेने येणारे बहुतेक लोक सोलापूर स्थानकावर उतरतात. ‘एक दिवस अक्कलकोट, एक दिवस तुळजापूर, एक दिवस पंढरपूर’ असा बेत आखणारी कुटुंबं मुक्कामासाठी मधलं गाव म्हणून सोलापूरच निवडतात. म्हणजे इथल्या लॉजच्या खोल्या भरतात त्या पंचांगाप्रमाणे.

हे पंचांग नीट वाचलं पाहिजे. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्या. चैत्र शुद्ध द्वितीयेला स्वामी समर्थांचा प्रकट दिन आणि चैत्र वद्य त्रयोदशीला पुण्यतिथी. गुरुपौर्णिमा, दत्तजयंती. शारदीय नवरात्र आणि त्यानंतरची अश्विन पौर्णिमा. या पौर्णिमेची माहिती बाहेरच्यांना हमखास नसते. त्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला लाखो भाविक पायी जातात, त्यांच्यासाठी सोलापूर-तुळजापूर रस्ता वाहनांना बंद केला जातो आणि वाहतूक दुसऱ्या मार्गांनी वळवली जाते. बीड किंवा छत्रपती संभाजीनगरहून येणारा प्रतिनिधी याच रस्त्याने सोलापुरात शिरतो. आयोजकांनी त्याला आधी कळवलं नसेल, तर उद्घाटनाच्या वेळी तो वळणरस्त्यावर अडकलेला असेल.

दुसरी तारीख जानेवारीतली. ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा संक्रांतीच्या आगेमागे भरते. तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम असे ते दिवस असतात. सात नंदीध्वजांची मिरवणूक शहरातून निघते आणि तिच्या मार्गावरची वाहतूक थांबते. होम मैदानावरची ‘गड्डा’ नावाची जत्रा तर त्यानंतरही बरेच दिवस चालू राहते. होम मैदान, पार्क चौक, हुतात्मा स्मृती मंदिर हा सगळा एकमेकांना लागून असलेला भाग आहे, आणि सोलापुरातले पुष्कळ कार्यक्रम याच परिसरात होतात. गोम अशी की परिषदेला जानेवारी हाच महिना सगळ्यांना आवडतो. मे महिन्यात इथला पारा चाळिशी सहज ओलांडतो. जानेवारीत हवा छान असते, हुरड्याचा हंगाम असतो, पाहुण्यांना शेतावर नेता येतं. मोह होणं स्वाभाविक आहे. जानेवारी जरूर घ्या, पण संक्रांतीचा आठवडा सोडून घ्या. नाहीतर पाहुण्यांना सिद्धेश्वरांची यात्राच दाखवायची आहे असं ठरवून, खोल्या कित्येक महिने आधी अडवून घ्या. ती यात्रा पाहण्यासारखी आहे, हे मी अगदी मनापासून सांगतो.

‘सोलापुरात जागा नाही मिळाली तर अक्कलकोटला किंवा तुळजापूरला राहू’ हा पर्याय बैठकीत कुणीतरी हटकून सुचवतं. पण ज्या कारणाने सोलापूर भरतं, त्याच कारणाने ती दोन्ही गावं त्याआधीच भरलेली असतात. अक्कलकोटला गुरुवारी आणि पौर्णिमेला गर्दी असते. शनिवार-रविवार तर सगळीकडेच गर्दीचे, आणि नेमक्या त्याच दोन दिवसांत आपण परिषदा घेतो. शिवाय भक्तनिवास भक्तांसाठी असतात, गळ्यात परिषदेचं ओळखपत्र अडकवलेल्या पन्नास जणांसाठी नव्हे.

मोठा समुदाय असेल तर शेवटी मंगल कार्यालयं आणि शाळा-महाविद्यालयांची वसतिगृहंच कामी येतात. सोलापूरला हे नवं नाही. १९४१ साली वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली आणि २००६ साली मारुती चितमपल्लींच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन या शहरात झालं. पण मंगल कार्यालयंही पंचांगावरच चालतात: तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात. ‘प्रतिनिधी शुल्क भरलं, म्हणजे स्वतंत्र खोली मिळणारच’ हाही एक समज आहे. शुल्कात निवास धरलेला असला तरी तो बहुतेक वेळा सामायिक असतो. खोलीत किती जण, गरम पाणी किती वाजता, जिने चढावे लागतील का, हे नोंदणी करतानाच विचारून घ्यावं. साठी ओलांडलेल्या प्रतिनिधींनी तर नक्कीच विचारावं.

आता प्रवास. मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली आणि ‘आता सकाळी निघून दुपारच्या सत्राला पोहोचता येईल’ असं मुंबईकरांनी गृहीत धरलं. वेळापत्रक उघडून पाहा. ही गाडी सकाळी सहाच्या सुमारास सोलापूरहून सुटते आणि संध्याकाळी चारच्या सुमारास मुंबईहून परत निघते. सोलापूरला पोहोचेपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजून जातात. पुणे-सोलापूर हुतात्मा एक्स्प्रेसचंही तेच: सकाळी सोलापूरहून पुण्याकडे, संध्याकाळी पुण्याहून सोलापूरकडे. या दोन्ही गाड्या सोलापूरकरांना दिवसाचं काम उरकून घरी परतता यावं अशा आखलेल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. पण सोलापूरला येणाऱ्या पाहुण्याला त्या रात्री उशिरा आणून सोडतात. म्हणजे वंदे भारतने यायचं तर आदल्या रात्रीचा मुक्काम आलाच. त्या मुक्कामाचं भाडं कोण देणार, रात्री अकराला लॉजच्या काउंटरवर माणूस असेल का, त्या वेळी जेवण मिळेल का, हे तीन प्रश्न आधी सोडवावे लागतात. वंदे भारत आठवड्यातून सहाच दिवस धावते, तेही विसरू नये. सकाळच्या सत्राला हजर व्हायचं असेल तर मुंबईकरांसाठी जुनी सिद्धेश्वर एक्स्प्रेसच बरी. रात्री मुंबईहून निघते आणि सकाळी सोलापुरात सोडते. फक्त त्या दिवशी सकाळी अंघोळीपुरती तरी खोली हवी.

त्यासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. स्थानकावरच्या विश्रामकक्षाला, म्हणजे रिटायरिंग रूमला, तिकिटाचा पीएनआर क्रमांक लागतो. ती खोली प्रवाशासाठी असते, आधी आलेल्या मित्राच्या नावाने घेता येत नाही. दुसरं, काही लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असतो, तर काही हॉटेलांत दुपारी बारापासून दिवस मोजतात. सकाळी सातला पोहोचणाऱ्याला बारा ते बारावाल्या हॉटेलात आदल्या दिवसाचंही भाडं द्यावं लागू शकतं. खोलीचा दर विचारण्याआधी हे विचारावं.

रेल्वे तिकिटाबद्दलचा सगळ्यात चिवट समज सवलतीचा. ‘अधिवेशनाचं पत्र दाखवलं की भाड्यात पंचवीस टक्के सूट मिळते’ असं जुने कार्यकर्ते आजही सांगतात. ते खोटं बोलत नाहीत. काही अखिल भारतीय संस्थांच्या वार्षिक अधिवेशनांच्या प्रतिनिधींना दुसऱ्या आणि शयनयान वर्गात अशी सवलत खरंच होती. मार्च २०२० मध्ये विद्यार्थी, दिव्यांग आणि रुग्ण यांच्या ठरावीक गटांव्यतिरिक्त बाकीच्या सवलती थांबवण्यात आल्या. ज्येष्ठ नागरिकांची सवलतही त्यातच गेली. तेव्हा निमंत्रणपत्रात ‘रेल्वे सवलतीसाठी पत्र मिळेल’ ही ओळ जुन्या मसुद्यातून तशीच उतरली असेल तर ती काढून टाका.

आरक्षणही आता १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं. हा बदल १ नोव्हेंबर २०२४ पासूनचा आहे. ‘वेटिंगचं तिकीट काढून ठेवू, टीसीशी बोलू’ हा बेत तर सोडूनच द्यावा. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर आपोआप रद्द होतं आणि त्यावर गाडीत चढता येत नाही.

एसटीकडे मात्र मंडळी उगाच दुर्लक्ष करतात. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सर्व प्रकारच्या बसमध्ये निम्मं भाडं आहे. ६५ ते ७५ वयाच्या नागरिकांनाही निम्मं आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्याच्या हद्दीत प्रवास मोफत आहे. शिक्षिकांच्या, अंगणवाडी सेविकांच्या किंवा निवृत्तांच्या परिषदेत हा फरक लहान नसतो.

विमानाचं थोडक्यात. ‘सोलापूरला विमानसेवा नाही’ हे आता खरं नाही. होटगी रोडच्या विमानतळाजवळची, विमानांना अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. ९ जून २०२५ ला गोव्याची आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईची सेवा सुरू झाली. पण विमानं छोटी, फेऱ्या मोजक्या. एक फेरी रद्द झाली तर त्याच दिवशी दुसरी मिळेल असं धरून चालू नये. प्रमुख वक्त्याला विमानाने आणायचं असेल तर पुण्याहून किंवा हैदराबादहून रस्त्याने आणण्याची तयारी हाताशी ठेवावी. आणि बोरामणीचं नाव ऐकून तिकडे गाडी पाठवू नये. तिथे नवा विमानतळ उभारण्याची योजना आहे. प्रवासी विमानं उतरतात ती होटगी रोडलाच.

पुणे-सोलापूर महामार्ग चौपदरी आहे, अंतर सुमारे २५० किलोमीटर. ‘चार तासांत आरामात’ हे वाक्य हडपसर ओलांडल्यानंतर लागू होतं, त्याआधी नाही. गाळप हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या या रस्त्यावर रात्रंदिवस असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ हा सगळा साखर कारखान्यांचा पट्टा. हिवाळ्यातल्या परिषदेला रात्री गाडी चालवत येण्याचा बेत मला बिलकुल मान्य नाही. शेवटचं सत्र सहाला संपवून ‘आता निघालो की दहाला पुण्यात’ म्हणणाऱ्यांना आयोजकांनी आग्रहाने थांबवून घ्यावं, नाहीतर समारोप दुपारी दोनलाच करावा. आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी याच महामार्गाने लोणी काळभोर, यवत असा प्रवास करते. तेव्हा तिथली वाहतूक वळवलेली असते.

सोलापुरात पोहोचल्यावर ‘गाव लहान आहे, कुठेही राहिलं तरी चालेल’ हे ऐकायला मिळतं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, दोन्ही केगावला, पुणे महामार्गावर, शहराच्या वायव्य टोकाला आहेत. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय अशोक चौकात, दुसऱ्या बाजूला. नवी मोठी हॉटेलं बरीचशी होटगी रोड आणि विजापूर रोडच्या दिशेला, तर जुने लॉज रेल्वे स्थानक, एसटी स्टँड आणि नवी पेठेच्या आसपास. होटगी रोडला राहून सकाळी नऊला केगावला पोहोचायचं म्हणजे अख्खं शहर पार करायचं. शहर बसवर विसंबता येत नाही, रिक्षांचं भाडं आधी ठरवावं लागतं. म्हणून परिषद केगावला असेल तर दोन मिनीबस आणि ठरलेल्या वेळा हाच खरा उपाय. स्थळ आधी पाहावं, हॉटेलचे तारे नंतर मोजावेत.

बिलाबद्दल एक खुलासा. ‘हजाराच्या आतली खोली, जीएसटी नाही’ हे १८ जुलै २०२२ ला संपलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के दर आहे. संस्थेकडून प्रतिपूर्ती घ्यायची असेल तर रीतसर बिल मागावं, कच्च्या पावतीवर लेखापरीक्षक बोट ठेवणारच.

राहिला पार्किंगचा प्रश्न, आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. खोली घेतली म्हणजे गाडीला जागा मिळालीच, असं नसतं. पेठांतल्या जुन्या लॉजच्या खाली दुचाकी कशाबशा लागतात. चारचाकी रस्त्यावर, कुणाच्या तरी दुकानासमोर उभी राहते आणि दुकान उघडायच्या आत हलवावी लागते. खोली ठरवताना ‘आवारात चारचाकीला जागा आहे का, रात्री फाटक बंद होतं का’ एवढं फोनवर विचारावं.

‘पार्किंग मालकाच्या जबाबदारीवर’ ही पाटी असली की हॉटेलची जबाबदारी संपते, हा तर पक्का बसलेला समज. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात वेगळं सांगितलं. १९९८ साली दिल्लीच्या या हॉटेलमधून एका पाहुण्याची मारुती झेन चोरीला गेली होती. गाडी त्याने किल्लीसह हॉटेलच्या माणसाकडे सोपवली होती. गाडी ताब्यात घेतल्यावर ती जशीच्या तशी परत करणं हॉटेलचं काम आहे, आणि स्वतःचा निष्काळजीपणा पावतीवरच्या छापील ओळीमागे लपवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. मुद्दा किल्लीचा आहे. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून मोकळ्या जागेत गाडी लावली तर ही जबाबदारी आपोआप लागू होत नाही. म्हणून किल्ली देत असाल तर पावती घ्या, त्यावर गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या.

परिषदेच्या स्थळीही हाच विचार हवा. प्रतिनिधी २०० असले तरी गाड्या किती येणार हे कुणाला ठाऊक नसतं, कारण नोंदणी अर्जात नाव, पद, संस्था, शाकाहारी-मांसाहारी सगळं विचारलेलं असतं, पण ‘कशाने येणार, किती वाजता पोहोचणार, गाडी आणणार का, गाडीत आणखी कोण’ हे विचारलेलं नसतं. या चार रकान्यांवरून स्थानकावर रात्री कुणाला थांबवायचं, मिनीबस किती लागतील आणि मैदानाचा कोणता कोपरा आखून ठेवायचा, हे आठवडाभर आधी ठरवता येतं. अर्ज छापायला जाण्याआधी ते रकाने घाला.