नको असलेली जाहिरात कशी थांबवाल?

भर दुपारी, जेवायच्या ताटावर फोन वाजतो : "सर, पर्सनल लोन हवंय का?" बहुतेकजण वैतागून फोन कापतात आणि विषय तिथेच सोडतात. पण कायद्याने ग्राहकाला यापेक्षा बरेच काही करता येते.

● नोंदणी : १९०९ वर फोन करून किंवा आपल्या मोबाइल कंपनीच्या अ‍ॅपवरून 'डीएनडी' (डू नॉट डिस्टर्ब) घेता येते. सगळ्या जाहिराती बंद करा, नाहीतर बँकिंग, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य असे विषय निवडून. ओटीपी आणि बँक व्यवहारांचे मेसेज येतच राहतात.

● ओळख : जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी 'पी' असेल तर ती जाहिरात, 'टी' असेल तर व्यवहार, 'जी' असेल तर सरकारी सूचना.

● तक्रार : साध्या दहा आकडी नंबरवरून जाहिरात आली, तर सात दिवसांत १९०९ वर कळवा. नियमांतील २०२५ च्या सुधारणेनंतर त्यासाठी आधी डीएनडी घेतलेले असण्याची अट उरलेली नाही.

● पळवाट : तुम्ही स्वतः संमती दिलेल्या कंपनीला डीएनडी अडवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जाहिरातीही या नियमांबाहेर आहेत. तिथे 'ब्लॉक' हाच उपाय.

म्हणून फॉर्मवर टिक करण्याआधी बारीक अक्षरांतला मजकूर वाचा, आणि दुकानात बिलासाठी नंबर मागितला तर 'कशासाठी?' असे विचारायला संकोचू नका.