चिकटवलेले का सुटते?

पावसाळा लागला, की चपलेचा सोल पुढून तोंड उघडतो. आपण सोल्यूशनला दोष देतो. पण ओढ कोणत्या दिशेने बसते, हेही पाहावे लागते.

एकमेकींवर चिकटवलेल्या दोन पट्ट्या सरळ ओढा. ताण बऱ्याच जागेवर वाटला जातो, सांधा दाद देत नाही. तेच टोक नखाने सोला. सारा भार एका रेषेवर येतो आणि सांधा उलगडत जातो. चालताना चप्पल पावलागणिक अशीच सोलली जाते. त्यात धूळ राहिली, तर सोल्यूशन चामडे सोडून धुळीलाच धरते. मग कडेने पाणी शिरते.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांजवळ अलोहा एअरलाइन्सच्या विमानाचे छप्पर आकाशातच उडाले. पत्र्यांचे चिकटवलेले सांधे ओलाव्याने सुटले होते. भार रिव्हेटांवर आला, तेथे तडे गेले. एका हवाई सेविकेचा जीव गेला.

२०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली अस्सल कोल्हापुरी चामड्याच्याच वादीने शिवतात. एक टाका तुटला, तरी शेजारचा धरून ठेवतो. म्हणून घेताना चप्पल उलटी करून पाहा, टाके दिसतात का!